दुर्बिणीचंच तर आहे!

आमच्या अक्काचे पोट दुपारनंतर फुगायचे. दोन-अडीच वर्षे ही गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक होती आणि ठाऊक असूनही कुणी ती मनावर घेत नव्हते. आपल्याकडे पोट फुगणे हा आजार मानतच नाहीत, तो माणसाचा स्वभाव मानतात. कुणाची प्रकृती वाताची, कुणाची पित्ताची. एकदा ती ठरली, की पुढची पन्नास वर्षे त्या माणसाची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात मांडली जाते. अक्काचे खाते वाताचे. पहिल्या घासाला तूप आणि हिंगाष्टक, जेवणानंतर ओवा-पादेलोण, हरभऱ्याची डाळ वर्ज्य. गल्लीतले डॉक्टरही दरवेळी "गॅसेस आहेत हो" म्हणून गोळ्या लिहून देत. त्या बिचाऱ्यांचे निदान अक्षरशः खरे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तेव्हा ७२ वर्षांची. कराडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. त्यामुळे तक्रारसुद्धा मोजून सांगायची. "डावीकडं, बेंबीच्या खाली चार बोटं, चेंडूसारखं काहीतरी हाताला लागतं. सकाळी लहान असतं, संध्याकाळी मोठं होतं." सकाळी लहान आणि संध्याकाळी मोठी होणारी वस्तू म्हणजे काही कर्करोगाची गाठ नव्हे, असा निष्कर्ष काढून आम्ही निर्धास्त. निष्कर्ष बरोबरही होता. पण कर्करोग नाही म्हणजे काहीच नाही, हे आमचे त्रैराशिक मात्र साफ चुकले.

२०२३ च्या गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला आणि पोटात डावीकडे अशी कळ उठली, की तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून दवाखान्यात न्यायला सांगितले. तिथे उभे करून पोटाचा एक्स-रे काढला. एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते आणि हवा काळी दिसते, एवढे आपल्याला माहीत असते. अक्काच्या फिल्मवर ओटीपोटात डावीकडे एक काळाभोर, कडा रेखल्यासारखा गोल होता. सोललेल्या नारळाएवढा. तरुण डॉक्टर बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे मी पुस्तकात पाहिलंय. पेशंटमध्ये नाही." डॉक्टरच्या तोंडून असे वाक्य ऐकण्याइतके भीतिदायक दुसरे काही नसते.

पुण्यात सीटी स्कॅन झाला आणि त्या गोलाचे नाव कळले. जायंट कोलॉनिक डायव्हर्टिक्युलम. मोठ्या आतड्याला बाहेरच्या बाजूने आलेला एक प्रचंड फुगा. अक्काचा साडेदहा सेंटिमीटरचा होता.

डायव्हर्टिक्युलम हा मूळचा लॅटिन शब्द. हमरस्ता सोडून आत वळणारी आडवाट किंवा अशा वाटेवरचा मुक्काम, असा त्याचा अर्थ. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे स्नायूंच्या थरात बारीक फटी असतात. आतला दाब वाढत राहिला, की आतड्याचे अस्तर त्या फटींतून बाहेर डोकावते, आणि सायकलची जुनी ट्यूब जशी एखाद्या ठिकाणी फुगवटा धरते तशी एक छोटी थैली तयार होते. वाटाण्याएवढी. उतारवयात अशा थैल्या पुष्कळांना असतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. आतड्याचा शेवटचा, इंग्रजी 'एस'सारखा वळणारा सिग्मॉइड नावाचा भाग सगळ्यात अरुंद आणि तिथला दाब जास्त, म्हणून पाश्चात्त्य देशांत त्या प्रामुख्याने तिथे सापडतात. आपल्या आशियात मात्र त्या उजव्या बाजूला अधिक आढळतात. का, ते पूर्णपणे उलगडलेले नाही.

यांतली एखादी थैली चार सेंटिमीटरच्या पुढे गेली, की तिला 'जायंट' म्हणतात. १९४६ मध्ये फ्रान्समध्ये बोन्व्हाँ आणि बोन्त या डॉक्टरांनी तिची पहिली नोंद केली. तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा सुमारे दोनशे रुग्णांच्याच नोंदी झाल्या आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे, आणि फुगा जवळजवळ नेहमी सिग्मॉइडवरच. तो वाढतो कसा, याचा सर्वाधिक मान्य तर्क असा, की थैलीचे तोंड फार अरुंद होऊन सायकलच्या व्हॉल्व्हसारखे वागू लागते. हवा आत जाते, बाहेर मात्र सहजी येत नाही. अक्काला संध्याकाळी जाणवणारा चेंडू तो हाच. तो आत जागा अडवतो, मूत्राशयाला किंवा लहान आतड्याला चिकटतो, त्यात जंतुसंसर्ग होतो, कधी तो फुटतो आणि सगळी घाण पोटात पसरते. क्वचित त्याच्या भिंतीत कर्करोगही सापडलेला आहे. म्हणजे दिसायला फुगा असला, तरी हा फुगा बाळगून बसण्यासारखा नव्हता.

सर्जनबाई चाळिशीतल्या होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत "आजी" म्हटले, तेव्हा अक्का तापातही म्हणाली, "आजी नको, बाई म्हणा. शाळेत सगळे बाईच म्हणायचे." त्यानंतर त्या दोघी एकमेकींना बाईच म्हणत. ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, त्यांचा नाही. शिरेतून अँटिबायोटिक्स देऊन ताप उतरवला आणि ऑपरेशन सहा-आठ आठवड्यांनी करायचे ठरले. मला हे पटेना. एवढा धोका आहे तर थांबायचे कशाला? त्यांनी कागदावर आतडे काढून समजावले. सुजलेले आतडे ओल्या कागदासारखे असते, टाके धरत नाही. सूज ओसरली, की तेच आतडे व्यवस्थित जोडता येते. तेवढ्या अवधीत आतून दुर्बीण घालून कर्करोग नाही ना, हेही बघता येते. सुजेत ती घालणे धोक्याचे. पण थांबण्याच्या काळात फुगा फुटला, तर मात्र घाईचे ऑपरेशन, मोठा छेद आणि बहुधा पोटावर पिशवी.

तो पिशवी शब्द अक्काने ऐकला आणि तिचा चेहरा उतरला.

पॅरिसचे सर्जन हेन्री हार्टमन यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आजही तातडीच्या वेळी वापरतात. रोगट भाग कापायचा, खालचे टोक शिवून बंद करायचे, वरचे टोक पोटाच्या कातडीवर आणून उघडायचे आणि त्यावर मल साठवणारी पिशवी चिकटवायची. पुढे काही महिन्यांनी दुसरे ऑपरेशन करून ती टोके जोडता येतात. पण वय झालेल्या कितीतरी जणांचे ते दुसरे ऑपरेशन कधी होतच नाही. पिशवीने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. तरीही, ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये ती टळण्याची शक्यता भरपूर असते, पण टळेलच अशी हमी कुणी देत नाही.

"एक पिशवी काढायची आणि दुसरी लावायची, म्हणजे मिळवलं काय?" अक्का म्हणाली. हा विनोद नव्हता. कार्तिकात रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसणारी बाई ती. सोवळ्या-ओवळ्याचे आता फारसे कुणी मानत नाही असे आपण म्हणतो, पण ते ज्याच्या हाडीमाशी खिळले आहे त्याला आपल्या म्हणण्याचा काय उपयोग? तिने ऑपरेशनला चक्क नकार दिला. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. भाचा चिडला, सूनबाई रडली. मी बँकेतल्या सवयीने जोखमीचे आकडे मांडू लागलो, तर अक्का म्हणाली, "गणित मला शिकवू नकोस."

शेवटी मार्ग काढला तो सर्जनबाईंनी. त्यांचा एक जुना रुग्ण, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, पुण्यात आमच्या घरी चहाला आला. तासभर गप्पा झाल्या. त्याने सातारा-कराड मार्गावरचे सगळे जुने थांबे म्हणून दाखवले. निघताना तो सहज म्हणाला, "ताई, मला सात वर्षं झाली पिशवीला. दोनदा पंढरपूरला जाऊन आलो. विठोबानं काही विचारलं नाही." अक्काने त्याच्या शर्टाकडे पाहिले. तासभरात तिला काही कळलेले नव्हते. वास नाही, फुगवटा नाही. तो गेल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळी होऊ दे. मग बघू."

तोपर्यंत नातेवाइकांत बातमी पसरली होती आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "दुर्बिणीचंच आहे ना?" हो म्हटले, की समोरच्याचा सुस्कारा ऐकू यायचा. "मग काय, दुर्बिणीचंच तर आहे! दोन दिवसांत घरी." मीही तसाच समजत होतो. सर्जनबाईंनी माझा भ्रम एका वाक्यात घालवला. "आतलं ऑपरेशन तेवढंच मोठं आहे. दार तेवढं लहान."

नुसता फुगा कापून भोक शिवून टाकले, तर चालत नाही का, असे मी विचारले होते. काही ठिकाणी तसे केल्याच्या नोंदी आहेत, पण सहसा करत नाहीत. फुग्याच्या मानेभोवतीची भिंत रोगटच असते, शेजारी लहान थैल्यांची रांग असते, आणि तिथे घातलेला टाका सुटण्याचा धोका असतो. म्हणून फुग्यासकट आतड्याचा तो तुकडाच काढतात आणि वरचे निरोगी आतडे खाली गुदाशयाच्या वरच्या टोकाला जोडतात. पोट उघडून केले तरी हेच, दुर्बिणीतून केले तरी हेच.

संमतिपत्रावर सही करायला मला बसवले. तीस वर्षे लोकांना "नीट वाचून सही करा" म्हणणारा मी, पहिल्यांदा स्वतः नीट वाचत होतो. त्यात ठळक लिहिले होते, की गरज पडल्यास मध्येच पोट उघडण्यास संमती आहे. हे काही नुसते कलम नव्हे. नेदरलँड्समध्ये सिग्मॉइडच्या याच प्रकारच्या आजारावर १०४ रुग्णांची एक काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. निम्म्यांचे पोट उघडून, निम्म्यांचे दुर्बिणीतून. दुर्बिणीच्या गटात गंभीर गुंतागुंत कमी, वेदना कमी, मुक्काम कमी, पण ऑपरेशनला वेळ जास्त. आणि त्या गटातल्या जवळजवळ पाचांतल्या एकाचे मध्येच पोट उघडावे लागले. त्या चाचणीत अक्कासारखे अवाढव्य फुगे नव्हते. ते इतके दुर्मीळ, की त्यांच्यावर अशी चाचणी होणेच शक्य नाही. गेल्या दोनएक दशकांत ठिकठिकाणच्या सर्जननी दुर्बिणीतून केलेल्या एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत, त्यांवरच मदार. "मध्ये उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका," बाई म्हणाल्या. "न उघडण्याचा हट्ट धरणारा सर्जन मात्र टाळा."

आदल्या दिवशी त्यांनी अक्काला उभे केले, बसवले, वाकायला लावले, साडी नेमकी कुठे नेसता ते विचारले आणि निऱ्यांची जागा टाळून पोटावर पेनाने खूण केली. पिशवी लागलीच तर ती इथे. अक्का त्या खुणेकडे एकटक बघत होती. "बिंदू अ," ती म्हणाली. मग कुशीवर वळली.

नोव्हेंबरच्या अखेरीस सकाळी आठला तिला आत नेले. बाहेर बाकावर बसून माणूस करणार काय? मी वाचलेले आठवत बसलो.

पोटाला भोक पाडून नळीतून आत बघण्याची कल्पना जुनी आहे. १९०१ मध्ये जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी ती कुत्र्यावर करून दाखवली, १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसांवर. पण बघणे वेगळे आणि कापणे वेगळे. कील शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा जर्मन सर्जनमंडळी इतकी खवळली, की त्यांना निलंबित करा अशी मागणी झाली. त्याआधी तर त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना मेंदू तपासून घ्यायला लावले होते म्हणे. १९८५ मध्ये एरिख म्यूहे यांनी पित्ताशय काढले. त्यांनाही आधी उपहासच मिळाला, मान मिळायला १९९२ उजाडले. आपल्याकडे मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया १९७२ पासूनच दुर्बिणीने पोट तपासत होते. १९९० मध्ये भारतातले दुर्बिणीचे पहिले पित्ताशयाचे ऑपरेशन त्यांनी केले. २०२३ मध्ये ते गेले. मोठ्या आतड्याला हात घालायचे धाडस मायामीच्या मोझेस जेकब्झ आणि सहकाऱ्यांनी केले आणि १९९१ मध्ये २० रुग्णांचा वृत्तांत छापला. पित्ताशय ही एक पिशवी, देठ बांधून तोडली की झाले. आतडे तोडून परत जोडावे लागते आणि त्यातून दुसऱ्या दिवसापासून वाहतूक सुरू व्हावी लागते. फरक आहे तो इथे.

आत चाललेले सगळे मला नंतर बाईंनी सांगितले. बेंबीजवळून कार्बन डायऑक्साइड सोडून पोट तंबूसारखे वर उचलतात. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मग पाच छोटी भोके, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. कॅमेरा सर्जनच्या हातात नसतो, सहायक धरतो. आमच्या बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने उघडतच नसे. हे तसेच. टेबल डोक्याकडून खाली कलते करतात, म्हणजे लहान आतडी वर सरकून जागा होते. अक्काच्या पोटात मात्र जागाच नव्हती, ती फुग्याने व्यापलेली. तो आधी सुईने रिकामा केला, तेव्हा कुठे मागचे दिसू लागले. तो मूत्राशयाला घट्ट चिकटला होता. तो सोडवण्यात दीड तास गेला. "दोनदा वाटलं, आता उघडावं," बाई म्हणाल्या. डावी मूत्रवाहिनी नेमकी याच भागातून जाते. ती ओळखून बाजूला ठेवल्याशिवाय काही कापायचे नाही, असा नियम. मग वरचे आतडे प्लीहेजवळून मोकळे करायचे, म्हणजे जोडताना ताण येणार नाही. खालचे टोक स्टेपलरने बंद करून कापायचे. काढलेला तुकडा ओटीपोटावरच्या सहा सेंटिमीटरच्या आडव्या छेदातून बाहेर. भोकातून नारळ निघत नाही, हे उघड आहे. शेवटी गोल स्टेपलर खालून गुदद्वारावाटे वर नेऊन दोन्ही टोके टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांनी जोडायची. यंत्राने कापलेल्या दोन गोल चकत्या बाहेर काढून त्या अखंड आहेत ना, हे बघतात.

आणि मग जी परीक्षा करतात, ती ऐकून मी चकितच झालो. जोडावर सलाइनचे पाणी ओततात, खालून हवा भरतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. कराडच्या नाक्यावरचा पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून जे करायचा, नेमके तेच! बुडबुडा आला नाही. बिंदू अ वापरावा लागला नाही. सव्वाचार तासांनी बाई बाहेर आल्या, तेव्हा टोपी काढताना त्यांचा हात किंचित कापत होता.

शुद्धीवर आल्यावर अक्काची पहिली तक्रार पोटाची नव्हतीच. "उजवा खांदा का दुखतोय? टेबलावरून पाडलं की काय मला?" पोटात भरलेला वायू थोडा उरतो, श्वासपटलाला टोचतो, आणि त्या पटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते. ते दोन दिवसांत गेले. त्याच संध्याकाळी तिला खुर्चीत बसवले, घोट घोट पाणी दिले, सकाळी वॉर्डात चालवले. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. पूर्वी आतड्याच्या ऑपरेशननंतर आठवडाभर उपाशी निजवून ठेवत, ते आता मागे पडले आहे. तरी आठवडाभर एक भीती असतेच, जोड सुटण्याची. म्हणून नाडी, ताप, रक्ततपासणी. सहाव्या दिवशी घरी सोडले. मूत्राशयाला विश्रांती म्हणून लघवीची नळी आणखी चार दिवस. विमा कंपनीतून एका तरुणाचा फोन आला, "सर, की-होल सर्जरी आणि सहा दिवस अ‍ॅडमिट?" मी त्याला ऑपरेशन पहिल्यापासून समजावू लागलो. त्याने मध्येच फोन ठेवला. पैसे दोन महिन्यांनी आले, तेही कापून.

पथ्याची चर्चा अजून संपलेली नाही. बिया अडकून हा आजार होतो असे सगळीकडे सांगतात, म्हणून सूनबाईने पेरू आणि तीळ बंद करून टाकले. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दाणे, मका, लाह्या खाणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो असे काही आढळले नाही. चोथा कमी खाण्याने थैल्या होतात, हे पेंटर आणि बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडलेले मतही आता तितके सरळ मानत नाहीत, पण चोथ्याचे इतर फायदे आहेतच. बाईंनी दोन महिन्यांनी सगळे खायला परवानगी दिली. अक्काने २०२४ च्या संक्रांतीला, तेवढे दिवस पुरते व्हायची वाट न पाहता, एक तिळाची वडी सर्वांदेखत खाल्ली.

खरा त्रास झाला तो भेटायला येणाऱ्यांचा. आपल्याकडे ऑपरेशनची प्रतिष्ठा टाक्यांच्या संख्येवर. अक्काच्या पोटावर दाखवण्यासारखे काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात एका चुलत जावेने तिला भरलेली घागर उचलायला सांगितली. सहा आठवडे जड उचलायचे नाही, असे मी म्हणताच ती बाई हसली. "अहो, दुर्बिणीचंच तर होतं!"

तपासणीचा अहवाल आला होता. कर्करोग नाही. काढलेले आतडे २२ सेंटिमीटर. अक्का काही बोलली नाही. आतल्या खोलीत गेली, शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी घेऊन आली, २२ वर बोट ठेवले आणि पट्टी जावेच्या हातात दिली.